दाबक्यांच्या घरातलं एपिजेनेटिक्स

मीनाताई दाबके यांना माहीत नाही अशी गोष्ट जगात नव्हती. चुकून एखादी निघालीच, तर ती माहीत करून घ्यायच्या लायकीची नाही, एवढं तरी त्यांना माहीत असायचं. पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गृहशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर वर्ग गेला, शिकवायची खोड राहिली. नवऱ्यावर ती भागवून झाली होती. पण अविनाशराव बँकेत असल्यापासून साहेबाला ‘हो’ म्हणायला सरावलेले, त्यामुळे त्यांना शिकवण्यात काही चव नव्हती.

मुलगा हर्षद हैदराबादेत एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्यानं लग्नही तिथेच जमवलं. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, स्वप्ना सोनकांबळे. तिचे वडील उत्तमराव मूळचे नांदेडकडचे. रेल्वेत लागले, हैदराबादेत तारनाक्याला घर केलं आणि तिथलेच झाले. बौद्ध कुटुंब. “आम्ही असलं काही मानत नाही हं,” असं मीनाताई लग्नाआधी म्हणाल्या, लग्नात म्हणाल्या आणि नंतर दर भेटीत म्हणत राहिल्या. जे मानत नाही ते इतक्यांदा सांगावं का लागतं, असं अविनाशरावांच्या एकदा ओठावर आलं होतं. पण बोलायची वेळ आली तेव्हा ते ‘हो’ म्हणाले.

स्वप्नाला दिवस गेल्याची बातमी आली आणि मीनाताईंना पुन्हा वर्ग मिळाला. नवऱ्याला घेऊन त्या हर्षदच्या कोंडापूरच्या फ्लॅटमध्ये येऊन दाखल झाल्या. तांब्याचं भांडं आलं, ठरलेल्या वेळेचं तूप आलं, सकाळी अमुक राग आणि संध्याकाळी तमुक राग आला. स्वप्ना नोकरी करणारी, हैदराबादेत वाढलेली मुलगी. “हौ आई,” म्हणायची, तूप गिळायची, आणि ऑफिसातून येताना मिर्ची भजी खाऊन यायची. रात्री खुनाबिनाची मालिका बघत बसायची.

“पोटातलं बाळ हे सगळं बघत असतं बरं का,” मीनाताई म्हणायच्या.

“त्याला पण कळू दे ना खुनी कोण ते,” स्वप्ना म्हणायची.

याच सुमारास फोनवरच्या एका व्हिडिओतून मीनाताईंना तो शब्द भेटला. एपिजेनेटिक्स. भगव्या शालीतला कुणी गृहस्थ सांगत होता की आईच्या मनात येणारा प्रत्येक विचार बाळाच्या जीन्सवर उमटतो, विज्ञानानं हे आता मान्य केलंय, आपल्याकडे मात्र आधीपासूनच ठाऊक होतं. मीनाताईंनी तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि विषयाचा अभ्यास पूर्ण झाला. महिन्याभरात हैदराबादच्या जामबाग भागातल्या एका हॉलमध्ये दर रविवारी त्यांचा ‘सुप्रजा वर्ग’ सुरू झाला. आयटीत नोकरी करणाऱ्या, पुण्या-मुंबईकडून आलेल्या गरोदर मुली वह्या घेऊन बसायच्या. मीनाताई फळ्यावर तो शब्द मराठीत लिहायच्या आणि त्याखाली दोन रेघा मारायच्या. या शब्दाचा मोठा गुण असा की त्यात काहीही बसायचं. बाळ गोरं झालं, एपिजेनेटिक्स. रडकं झालं, एपिजेनेटिक्स. आईनं सासूला उलट उत्तर दिलं तर त्याचंही खातं तिथेच.

सातव्या महिन्यात स्वप्ना एका संध्याकाळी खोलीचं दार लावून खूप रडली. कुणाच्या बोलण्यावरून, ते पुढे मीनाताईंना कधी आठवलं नाही. रडल्याचं मात्र पक्कं लक्षात राहिलं.

मुलगी झाली. नाव मीनाताईंनीच ठेवलं, तेजश्री. बाळ खरोखर गोड होतं. खिदळायचं, मिशा दिसल्या की ओढायचं, उत्तमराव आजोबांच्या तर फारच. नऊ-दहा महिन्यांची असताना दिवाळीत हर्षदनं तिचा फ्लॅश मारून फोटो काढला. एक डोळा नेहमीसारखा आला, दुसऱ्याच्या बुबुळात पांढरी चकाकी होती. मीनाताईंनी तो फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘संस्कारांचं तेज डोळ्यांतून दिसतंच.’ ग्रुपवर नमस्कारांचा पाऊस पडला.

दिवाळीच्या फराळाला तारनाक्याहून विहीणबाई आल्या. पार्वतीबाई बोलायला मोकळ्या. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, खिडकीकडे वळवलं, पुन्हा फोनमधला फोटो मागून बघितला.

“ईनबाई, लेकराच्या एका डोळ्यात मांजरावाणी चमकूलालंय. डॉक्टरला दाखवावं म्हनते मी.”

“कॅमेऱ्यानं होतं तसं, पार्वतीबाई. आणि खरं सांगू का? ते तेज आहे.”

“तेज हाय तर मग दुसऱ्या डोळ्यात का न्हाई?”

मीनाताई हसल्या. वर्गात मंद मुलीकडे बघून हसायच्या तशा. “सगळं एकदम कसं येईल?”

स्वप्नानं तरीही डोळ्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. नेमका त्याच दिवशी सुप्रजा वर्गाचा मेळावा निघाला आणि तेजश्रीला व्यासपीठावर दाखवायचं ठरलं होतं. वेळ पुढे ढकलली. पुढच्या वेळेला बाळाला सर्दी होती. त्यानंतर स्वप्नाच्या ऑफिसात प्रोजेक्टची गडबड. “इतकी काय घाई आहे, पोर हसतंय-खेळतंय,” असं मीनाताई दर वेळी म्हणाल्या, आणि दर वेळी ते पटण्यासारखं होतं. हर्षदला पटलं. अविनाशराव ‘हो’ म्हणाले.

संक्रांत झाली. तेजश्रीचा तो डोळा नाकाकडे वळायला लागला होता. पार्वतीबाई पुन्हा आल्या, त्यांनी बघितलं, आणि या वेळी कुणालाच काही विचारलं नाही. बाळाला उचललं, लेकीला म्हणाल्या, “चप्पल घाल,” आणि खाली जाऊन ऑटोत बसल्या.

हॉस्पिटलमध्ये बाळाला भूल देऊन दोन्ही डोळे तपासले. डॉक्टरांनी हर्षद-स्वप्नाला आत बोलावलं. मीनाताई न बोलावता गेल्या. डोळ्याच्या आतल्या पडद्याला कॅन्सर झाला होता. रेटिनोब्लास्टोमा, लहान मुलांनाच होतो. गाठीनं जवळपास सगळा डोळा व्यापला होता. दुसरा डोळा स्वच्छ होता. मूल वाचवायचं तर हा डोळा काढावा लागणार होता.

“पहले आते तो?” स्वप्नानं विचारलं.

डॉक्टरांनी फाईल मिटली. “अब आए ना अम्मा. अब आगे का देखेंगे.”

मीनाताईंना त्या उत्तरात आपली सुटका दिसली, आणि बाहेर आल्यावर त्यांनी ती घेतलीही.

ऑपरेशनच्या दिवशी सगळे बाहेरच्या हॉलमध्ये बसले होते. पुण्याहून नणंदेचा फोन आला. मीनाताईंचा आवाज शाळेतला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

“अगं, मी सांगत होते ना! गरोदरपणात काय बघायची, काय खायची, सातव्या महिन्यात तर रडूनरडून... हे सगळं पेशींवर उमटतं. एपिजेनेटिक्स म्हणतात त्याला. आणि घराणं बघ ना. पिढ्यान्‌पिढ्या उपासमार, हाल. त्यांचा दोष नाही म्हणा बिचाऱ्यांचा, पण ते रक्तात उतरतंच. आम्ही असलं काही मानत नाही, पण विज्ञान आहे हे.”

समोरच्या बाकावर बिचारे बसले होते. उत्तमरावांच्या मांडीवर नातीची इवलीशी टोपी होती. ते टोपीच्या बंदाची गाठ सोडत होते आणि पुन्हा बांधत होते.

पार्वतीबाई उठल्या. “ईनबाई, फोन ठेवा जरा.” मीनाताईंनी ठेवला. “आमच्या घरात उपाशी झोपले लोक. खरं हाय. माझी सासू तर खडी फोडून वारली. पर उपाशी मानसाला डोळ्यात गाठ होती हे तुमच्या कोणत्या शाळेत शिकवत्यात? तसं असतं तर आमच्या अख्ख्या वस्तीत एक डोळा राहिला नसता!”

“अहो, तुम्ही भावनेनं बोलताय. मी शास्त्र सांगतेय.”

“पार्वती,” उत्तमराव म्हणाले, “चल. चहा घेऊन येऊ.” टोपी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. जाताना मीनाताईंकडे बघितलंसुद्धा नाही.

स्वप्ना भिंतीला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मीनाताईंना वाटलं, आता ही उलटून बोलणार. त्यांनी उत्तरही तयार ठेवलं. पण स्वप्ना हळू आवाजात एवढंच म्हणाली, “मी खरंच लै रडले होते, आई. त्यानंच झालं असेल का?”

इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा सरळ प्रश्न मीनाताईंना कुणी विचारला नव्हता. ‘नाही’ म्हणायला एक क्षण पुरला असता. मीनाताई म्हणाल्या, “आता झालं ते झालं.”

डोळा काढला. गाठ बाहेर पसरली नव्हती, पोर वाचली. तपासणीसाठी तिचं आणि आईबापांचं रक्त घेतलं गेलं. कारण हा दोष कधीकधी घरातून येतो, आणि तसा असेल तर दुसऱ्या डोळ्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं. मीनाताईंनी ही बातमी समाधानानं ऐकली. आता विज्ञान बोलणार होतं, आणि विज्ञानाशी त्यांचं आधीपासून चांगलं होतं.

रिपोर्ट आले ते समजावून सांगायला आनुवंशिक आजारांच्या सल्लागार होत्या डॉक्टर केतकी. तरुण मुलगी, मूळची पुण्याची. मीनाताईंचा चेहरा उजळला. “अरे वा, आपल्यातलीच! आडनाव काय ग तुझं?”

“केतकी म्हणा ना,” ती म्हणाली, आणि कागद उघडला. “दोष हर्षदकडून आलाय.”

 हर्षदनं स्वतःच्या डोळ्याला हात लावला.

“कसं शक्य आहे? त्याचे डोळे ठणठणीत आहेत,” मीनाताई म्हणाल्या.

“म्हणूनच तुमचं आणि काकांचंही रक्त हवंय.”

“ह्यांचं घ्या,” मीनाताईंनी ताबडतोब नवऱ्याकडे बोट केलं. “दाबक्यांच्यात सगळ्यांना लवकर चष्मे लागतात.”

अविनाशरावांनी बाही वर केली. केतकीनं दोघांचंही घेतलं.

पुढच्या भेटीत केतकी आधी थोडी घुटमळली. मग म्हणाली, “काकू, तुमच्याकडून आलंय ते.”

मीनाताईंनी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

“तुमच्या माहेरी कुणाला लहानपणी डोळ्याचा काही त्रास झाला होता?”

“छे! आमच्याकडे नव्वदीतसुद्धा बिनचष्म्याचं पोथी वाचतात.”

“वसंतमामा,” हर्षद म्हणाला.

“त्याचं वेगळं! वसंतअण्णाचा डोळा अपघातानं गेला. विटी लागली. विटीदांडू खेळताना.”

“किती वर्षांचे होते तेव्हा?” केतकीनं विचारलं.

“असेल... माझा जन्म व्हायचा होता. दीड-दोन वर्षांचा.”

केतकीनं पेन खाली ठेवलं. “दीड वर्षाचं मूल विटीदांडू खेळत होतं?”

स्वप्नाला हसू आलं. ते यायला नको होतं, तिनं ओढणी तोंडावर धरली. पण आलं, आणि त्यातच रडूही आलं. आयुष्यभर ही गोष्ट मीनाताईंनी लोकांना सांगितली होती. शाळेत मुलींना मैदानावर जपून खेळा म्हणून सांगितली होती. तिच्यातलं मूल किती मोठं होतं, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

“मग मला का नाही झालं?” त्यांनी शेवटी विचारलं. “हर्षदला का नाही? एकट्या पोरीलाच का?”

“तेच सांगते,” केतकी म्हणाली. “ही जीन म्हणजे पेशीच्या वाढीचा ब्रेक समजा. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. तुमच्या घरातली एक प्रत पुरती तुटलेली नाही, ढिली आहे. आता गंमत अशी, की या जीनवर एक रासायनिक खूण असते, ही प्रत आईची की बापाची हे सांगणारी. अक्षरं तीच, फक्त खूण वेगळी. आईकडून आलेली प्रत जास्त जोरात काम करते, बापाकडून आलेली कमी. हर्षदला ढिला ब्रेक तुमच्याकडून आला, म्हणजे आईकडून. ढिला, पण जोरात चालणारा. बहुतेक वेळा भागून जातं. तेजश्रीला तोच ब्रेक बापाकडून आला. ढिला आणि वर मंद. नाही भागलं. दर वेळी असंच होतं असं नाही. तुमच्या भावाला झालं ते कदाचित वडिलांकडून आलं असेल. तुम्हालाही तिथूनच, पण तुम्ही सुटलात. नशीब म्हणा. पण जिथे दोष असा सौम्य असतो, त्या घरांमध्ये हा फरक दिसलाय.”

“ही खूण...” मीनाताईंचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नव्हता.

“यालाच एपिजेनेटिक्स म्हणतात, काकू.”

“आणि स्वप्नाचं रडणं? ते खाणं, मालिका?”

“त्याचा काही संबंध नाही. काहीच नाही.” केतकी हे मीनाताईंशी बोलत नव्हती. ती स्वप्नाकडे बघत होती.

त्या संध्याकाळी मीनाताईंनी पुण्याला भावाला फोन लावला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि चक्क हसले.

“मी लहानपणापासून विचारत होतो, दीड वर्षाच्या पोराला कुणी खेळायला घेतलं? आई म्हणायची, गप्प बस, मीनाचं लग्न व्हायचंय.”

“माझं लग्न?”

“मग? डोळ्यात रोग असलेल्या घरातली मुलगी कोण करणार? दाबक्यांना विटीच सांगितली. त्यांना पटली. बँकेतली माणसं.”

मीनाताईंनी हॉलमध्ये बसलेल्या बँकेतल्या माणसाकडे बघितलं. ते पेपर वाचत होते.

आता मीनाताई बदलल्या असतील असं कुणाला वाटलं तर तो त्यांना ओळखत नाही. चार दिवस त्या गप्प होत्या; अविनाशरावांनी तर घाबरून डॉक्टर बोलवायचं काढलं. पाचव्या दिवशी नणंदेचा फोन आला, आणि स्वयंपाकघरातून स्वप्नानं ऐकलं.

“अगं, आईकडून आलं की ते झाकलं जातं, शास्त्रानं सिद्ध झालंय! म्हणजे बघ, हर्षद वाचला तो माझ्यामुळे. आईचा शिक्काच तसा जोरदार असतो.”

स्वप्ना बाहेर आली. हात पिठाचे होते. “आई, तो शिक्का तुम्ही नाही मारला. तुम्ही काहीच नाही केलं. मी पण काही नाही केलं.” ती ओरडली नाही. “आणि एक. तो शब्द माझ्या घरात आता नक्को. बोलायचा असेल तर बाहेर जाऊन बोला.”

“हर्षद, ऐकतोयस ना?” मीनाताई म्हणाल्या.

“ऐकतोय,” हर्षद म्हणाला. “बरोबर बोलतेय ती.”

उन्हाळ्यात हर्षद-स्वप्ना तारनाक्याला राहायला गेले, सोनकांबळ्यांच्या मागच्याच गल्लीत. तेजश्रीला दर थोड्या दिवसांनी भूल देऊन दुसरा डोळा तपासावा लागे. घरी तिच्याजवळ विश्वासाचं माणूस हवं, असं स्वप्नानं कारण सांगितलं. ‘विश्वासाचं’ हा शब्द तिनं मुद्दाम वापरला की सहज, यावर मीनाताईंनी बरेच दिवस विचार केला. पुण्याला परत जाता आलं असतं, पण नात इथे होती, म्हणून त्या नवऱ्यासह कोंडापूरच्याच फ्लॅटमध्ये राहिल्या. जामबागेतला वर्ग आपोआप बंद पडला. एका मुलीनं फोटोतल्या त्या चकाकीबद्दल विचारलं, तेव्हा मीनाताई “ज्याच्या फोटोत असं दिसेल त्यानं आधी डॉक्टरकडे पळावं” म्हणाल्या आणि पुढचा रविवार घेतलाच नाही. त्या मेट्रोनं तारनाक्याला जायच्या. पार्वतीबाई ज्वारीची भाकरी वाढायच्या, मीनाताई जेवायच्या. दोघी हवापाण्याबद्दल बोलायच्या.

तेजश्रीला आता नकली डोळा बसवला होता, इतका हुबेहूब की अनोळखी माणसाला कळू नये. तिला तो काढता येतो हे मात्र तिला कळलं होतं. एका दुपारी स्वप्ना ऑफिसला गेलेली असताना तिनं तो काढला आणि कुठेतरी भिरकावला. दोन्ही आज्या गुडघ्यांवर आल्या. मीनाताई सोफ्याखाली, पार्वतीबाई शिलाई मशीनखाली.

“त्या दिवाळीत तुम्ही म्हणालात,” मीनाताई सोफ्याखालूनच म्हणाल्या, “की डॉक्टरला...”

“पिठाच्या डब्यामागं बघा, ईनबाई.”

“मी ऐकायला हवं होतं.”

“हौ. हवं होतं.” पार्वतीबाई मागे वळल्या नाहीत. “डब्यामागं बघितलं का?”

डब्यामागेच होता. मीनाताईंनी तो धुतला, पुसला. बसवायचं काम स्वप्ना किंवा पार्वतीबाई करायच्या. मीनाताईंवर अजून वेळ आली नव्हती. त्यांनी तो पार्वतीबाईंपुढे धरला.

“माझे हात पिठाचे हायेत,” पार्वतीबाई म्हणाल्या. नव्हते. “तुम्ही बसवा. वरची पापनी उचला, आधी वरून सरकवा. भिऊ नका, तिला दुखत न्हाई.”

मीनाताई भिंतीला टेकून खाली बसल्या. पोरीला मांडीत घेतलं.  वरची पापणी उचलली, आत ती गुलाबी मोकळी जागा त्यांनी पहिल्यांदा बघितली. डोळा पहिल्यांदा तिरका बसला. पार्वतीबाई वरून बघत होत्या. मीनाताईंनी तो काढला आणि पुन्हा बसवला. या वेळी नीट बसला.

तेजश्रीनं दोन्ही डोळ्यांनी आजीकडे बघितलं, टाळ्या पिटल्या, आणि तो पुन्हा काढायला बोट वर नेलं.

“नक्को गं माय,” मीनाताई म्हणाल्या, आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला.